पहिल्यांदा क्रूझला जाताय? मुंबई-गोवा बोटीवर काय काय असतं ते सांगते

आमच्याकडे बोट म्हटलं की आजीची आठवण निघते, भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जायची तेव्हा रात्रभर डोकं धरून बसायची म्हणे. त्यामुळे मी मुंबई-गोवा-मुंबई क्रूझचं बुकिंग केलंय म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, "आणि मला बोट लागली तर?" सगळ्यांच्या मनात हाच असतो, म्हणून आधी तेच सांगते.

एवढं मोठं जहाज होडीसारखं हेलकावत नाही. बाजूंना स्टॅबिलायझर म्हणजे पंखासारख्या पट्ट्या असतात, त्या डोलणं कमी करतात. पण कमी करतात, बंद नाही करत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, पहिली ट्रिप तेव्हाच करा. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधोमध असलेली मागा, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते, अगदी पुढच्या टोकाला आणि वरच्या डेकला जास्त. ज्यांना गाडी लागते त्यांनी अव्होमिनसारखी गोळी निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग नाही. पण घरच्या म्हाताऱ्या माणसांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, आणि झोप येते हेही लक्षात ठेवा. आईने आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, जरा मळमळलं की एक तोंडात, आणि डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत बसायची. केबिनमध्ये पडून मोबाईल बघत राहिलात तर हमखास वाढतं. रिकाम्या पोटीही राहू नका.

आता पैशाचं. जाहिरातीतला आकडा आणि शेवटी भरायचा आकडा यात बरंच अंतर असतं, त्यावर जीएसटी, पोर्ट चार्ज, सर्व्हिस चार्ज चढतात, म्हणून बुकिंग करताना "सगळं मिळून किती" असंच विचारा. राहणं, मुख्य बुफेचं जेवण, स्विमिंग पूल, बरेचसे शो त्यात येतात. दारू, स्पा, वेगळी रेस्टॉरंट्स, वायफाय, गोव्यातली साईटसीईंग हे सहसा वेगळं. सगळ्यात स्वस्त केबिन आतली असते, तिला खिडकीच नसते, दिवा बंद केला की पहाटेचे चार की सकाळचे दहा काही कळत नाही. आम्ही आईबाबांना खिडकीवाली घेतली आणि मुलांसोबत आतल्या केबिनमध्ये आम्ही राहिलो, कारण आम्ही झोपण्यापुरतेच तिथे जाणार होतो, पण त्यांना दुपारी पडल्या पडल्या समुद्र दिसायला हवा होता. ते पैसे खरंच वसूल झाले.

मुंबईत बोट बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवरून सुटते, सीएसएमटीपासून टॅक्सीने जवळच आहे. वेब चेक-इन घरीच करा, ओरिजिनल आयडी हातात ठेवा. मोठ्या बॅगा विमानतळासारख्या टॅग लावून टर्मिनलवरच द्यायच्या आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होऊ शकते, हे कुणी आधी सांगत नाही. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत भरल्या होत्या आणि बॅग येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून औषधं, चार्जर, एक कपड्यांचा जोड, मुलांचे स्विमिंगचे कपडे, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. इस्त्री, किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. खाण्याचे डबे पण सहसा आत नेऊ देत नाहीत, जैन जेवण लागत असेल तर बुकिंगलाच सांगून ठेवा. जहाजावर एक कार्ड मिळतं, तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट, त्यामुळे मुलांच्या हाती देताना त्यावर खर्च चालू आहे का बंद ते रिसेप्शनला विचारून घ्या.

मग मस्टर ड्रिल, म्हणजे संकट आलं तर कुठे जमायचं त्याची तालीम. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा. लोक कंटाळा करतात, प्लीज करू नका. 13 जानेवारी 2012 ला इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटलं, 32 माणसं गेली, त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची तालीम व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला, आता निघण्याआधी किंवा निघाल्यावर लगेच ती घ्यावीच लागते. लाईफ जॅकेट केबिनमध्ये कुठे आहे ते आईबाबांना हात लावून दाखवा.

बोट सुटताना मात्र बुफेच्या रांगेत राहू नका, सगळे वर डेकवर जा. कुलाबा मागे पडतं, प्रॉन्ग्सचं दीपगृह दिसतं, आणि अलिबागच्या बाजूला डोळे लावून ठेवलेत तर खांदेरी. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून तिथे किल्ला बांधायला घेतला, तो मुंबईच्या इतका तोंडाशी का हे पाण्यातूनच नीट कळतं. बाबा अर्धा तास कठड्याला धरून उभे होते.

थोड्याच वेळात रेंज जाते. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं सॅटेलाईटवालं नेटवर्क पकडलं की बिल भयंकर येतं. घरी आधीच सांगून ठेवा की उद्यापर्यंत फोन लागणार नाही.

गोव्यात बोट मुरगाव बंदरात लागते, म्हणजे वास्कोला. पणजी तिथून साधारण 30 किलोमीटर, कळंगुट-बागा आणखी पुढे, तेव्हा "सगळा गोवा करू" हा नाद सोडा. आम्ही फक्त ओल्ड गोव्याची चर्च बघून, पणजीत जेवून परत आलो. परतायची वेळ नीट लिहून घ्या, जहाज कुणासाठी थांबत नाही, निदान दीड तास हातात ठेवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचे कपडे आधी बाजूला काढा आणि कार्डवरचं बिल त्याच रात्री तपासा, सकाळी काउंटरवर झुंबड असते. आणि घरी आल्यावरही एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, आईला तर देवापुढे बसल्यावरही वाटत होतं, घाबरू नका, आपोआप जातं, फक्त उतरल्या दिवशी लगेच पुण्या-नाशिकपर्यंत गाडी चालवायची वेळ स्वतःवर आणू नका.