घरच्या नॅसचा बॅकअप: घात करतो तो रिकामा फोल्डर

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फाइल ठेवणारं मशीन. त्यातल्या दोन डिस्क रेड १ मध्ये (म्हणजे दोन्हींवर तीच माहिती) जोडल्या की बॅकअप झाला, हे आधी डोक्यातून काढा. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढंच. चुकून फोटोंचा फोल्डर उडवलात तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो.

सामान असं: दोन खणांचा नॅस किंवा लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप, आत ४ टीबीच्या दोन डिस्क, बॅकअपसाठी ४ टीबीच्या दोन यूएसबी डिस्क. आतल्या डिस्क सीएमआर (माहितीचे पट्टे शेजारी शेजारी लिहिणाऱ्या) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवणारी) स्वस्त पडते, पण डिस्क बदलून रेड पुन्हा भरताना तिचा वेग पार झोपतो. (४ टीबीची डिस्क ३.६ दिसते. दुकानदाराशी भांडू नका.) राउटरपर्यंत केबल ओढा. यूएसबी पोर्टचा ६०० व्हीए यूपीएस लावा. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस टाळू नका. बॅटरी संपत आल्याचं इन्व्हर्टर नॅसला सांगत नाही आणि मशीन लिहिता लिहिता बंद पडतं.

आता खरी मेख. ‘क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) आरसिंकची (फाइलींची नक्कल करणारी कमांड) एक ओळ टाका, झालं’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. लिनक्सवर डिस्क एका फोल्डरवर माउंट होते, म्हणजे डिस्कवरचं सगळं त्या फोल्डरमध्ये दिसतं. केबल सैल झाली आणि डिस्क माउंट झालीच नाही, तरी तो फोल्डर जागेवर असतोच, फक्त रिकामा. आरसिंक बिनतक्रार त्यात लिहीत सुटतं, म्हणजे सिस्टिमच्या डिस्कवर. ती भरली की एकेक सेवा कोलमडते. उलटं झालं तर त्याहून वाईट: मूळ डिस्क माउंट नाही आणि मूळ जागी नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही पुसणारा ‘डिलीट’ पर्याय चालू आहे. आरसिंकला वाटतं मालकाने सगळं पुसलं, मग तेही बॅकअप पुसून मोकळं होतं.

म्हणून दोन्ही यूएसबी डिस्कना एकच लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची ती यादी) नोंद त्या लेबलने करा. लिनक्सने डिस्कला दिलेली ‘एसडीबी’ वगैरे नावं रीबूटनंतर बदलू शकतात. सोबत ‘नोफेल’ लिहा, नाहीतर डिस्क नसताना मशीन सुरू होतानाच अडकतं. बॅकअपच्या स्क्रिप्टने (क्रॉनने चालवायच्या कमांडच्या फाइलने) आधी डिस्क माउंट करावी, मग मूळ आणि बॅकअप दोन्ही जागा ‘माउंटपॉइंट’ कमांडने तपासाव्यात. एकही नापास झाली तर तिथेच थांबावं. काम संपलं की अनमाउंट. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर’ कमांडने ‘प्लस आय’ (बदल करायला बंदी) लावून ठेवा. मग तिथे रूटलाही (सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही) लिहिता येत नाही, पण डिस्क मात्र नेहमीसारखी माउंट होते.

प्रतीसाठी आरसिंकऐवजी रेस्टिक (तारीखवार प्रती ठेवणारा बॅकअप प्रोग्राम) वापरा: रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ प्रती ठेवा. मूळ जागा रिकामी सापडली तर आज रिकामी प्रत होईल, कालची शाबूत राहील. तरीही वरची तपासणी काढू नका. रिकाम्या प्रती साचत गेल्या तर जुन्या प्रतींच्या छाटणीत चांगल्या प्रती जातात. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेलाच, दुसरा मार्ग नाही. तो कागदावर लिहून कपाटात ठेवा, नॅसवरच्या फाइलमध्ये नको. आणि काम फत्ते झालं तरी रोज मेल यायला हवी. फक्त अपयशाची मेल ठेवलीत तर मेलच बंद पडल्याचं कळणार नाही.

बॅकअपची डिस्क नेटवर्कवर शेअर करू नका. दुसरी यूएसबी डिस्क बहिणीकडे किंवा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, दर महिन्याला अदलाबदल. क्लाउड हवा तर हिशोब करा: ४० एमबीपीएस अपलोडने १ टीबी चढायला साधारण ५५ तास लागतात. महिन्यातून एकदा रेडची स्क्रब तपासणी (दोन्ही डिस्कवरची माहिती वाचून जुळते का ते बघणारी) लावा.

दर तीन महिन्यांनी एखादा फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवा, तोही कागदावरचा पासवर्ड टाकून. फाइलची साइझ जुळली म्हणून खूश होऊ नका; एखादा लांबलचक व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा.