पिल्लू सारखं अंग टोकरतंय? औषधाआधी पिसं बघा

कोंबडीचं तीन-चार आठवड्यांचं पिल्लू दिवसभर पंखात चोच खुपसतं, पायानं मान खाजवतं, अंगावरून कोंड्यासारखा पांढरा चुरा गळतो. पहिली शंका उवांची येते आणि हात पावडरच्या डब्याकडे जातो. पण या वयात खाजेचं कारण बहुतेक वेळा नवी पिसंच असतात.

अंड्यातून निघताना पिल्लाच्या अंगावर असते ती नुसती लव. पंखांची पिसं पहिल्या आठवड्यातच डोकावतात, मग खांदे, शेपूट, छाती. पाठ आणि मान मागे राहतात. साधारण सहाव्या आठवड्यात अंग झाकलं जातं. पण सातव्या ते बाराव्या आठवड्यात ही पिसंही गळून दुसरी येतात आणि अंड्यावर येण्याच्या सुमारास पुन्हा एक फेरा होतो. केळीचं नवं पान जसं गुंडाळीतच बाहेर पडतं तसं प्रत्येक पीस एका पातळ नळीत गुंडाळून येतं. ही नळी सुकली की खाज सुटते आणि पिल्लू ती चोचीनं सोलतं. पांढरा चुरा म्हणजे त्या नळीचीच सालं.

वाढत्या पिसाच्या मुळाशी रक्त असतं, म्हणून ते निळसर-काळं दिसतं. ते उपटू नये, कापू नये. पिल्लू पंखाला धरून उचलू नये, पोटाखालून तळहातावर घ्यावं. असं पीस मोडून रक्त आलं तर हळद लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरा आणि रक्त सुकेपर्यंत पिल्लू वेगळं ठेवा. लाल दिसलं की बाकीची त्याच जागी टोचा मारतात.

गिरिराजासारख्या वजनदार जातींना पिसं उशिरा येतात. पाचव्या आठवड्यात पाठ उघडी दिसली तरी घाबरू नका. एकाच घाण्यातले कोंबडे बऱ्याचदा तलंगांच्या मागे असतात. (बोडक्या मानेची जात निराळी, तिच्या मानेवर पिसांची वाट बघत बसू नका.) मात्र उघड्या अंगाला ऊब लागते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. बेळगावच्या डिसेंबरातल्या रात्री सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना बल्बाशिवाय ठेवू नका.

आता उवा ओळखायच्या कशा? पिसांची खाज दिवसा, सावकाश, अंगभर असते आणि पिल्लू खातं-पितं नीट. उवा लागल्या की पिल्लू एकाच जागी टोकरतं, मरगळतं, वजन धरत नाही. शेपटीखाली गुदाजवळची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर, चपटे, झरझर पळणारे किडे आणि पिसाच्या बुडाशी चिकटलेले पांढरे लिखांचे पुंजके दिसले तर उवा नक्की. लाल माइट (लाल कोळी) दिवसा अंगावर सापडत नाही. तो खुराड्याच्या फटीत लपतो आणि रात्री रक्त पितो. रात्री नऊनंतर पांढरं फडकं बसायच्या दांड्याखालून घासा. फडक्यावर लाल डाग उठले तर दुखणं पिल्लात नाही, लाकडात आहे.

खुडूक कोंबडीखालच्या पिल्लांना उवा आईकडूनच येतात. म्हणून अंडी घालून बसवण्याआधी तिचं अंग तपासा, डालगं दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि आतलं गवत नवं घाला.

मातीत लोळणं हा कोंबडीचा स्वतःचा उपाय. दोन फूट लांब, दीड फूट रुंद खोकं, त्यात सहा इंच भर: तीन भाग कोरडी माती, दोन भाग बारीक वाळू, एक भाग चाळलेली लाकडाची राख. राख पूर्ण थंड आणि कोरडी हवी, कारण ओली राख कातडी भाजते. चुना नको. खानापूरकडची तांबडी माती यासाठी उत्तम. गोकाक-बैलहोंगलच्या काळ्या मातीची ढेकळं होतात, तिथं वाळू वाढवा. खानापूरच्या पावसात जूननंतर कोरडी माती मिळणं अवघड, म्हणून दोन पोती मे महिन्यातच भरून ठेवा. खाली पसरलेलं भाताचं तूसही ओलं झालं की लगेच काढा.

आणि खाणं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. नुसता मका किंवा तांदळाची कणी घातली तर पिल्लाला ८-९ टक्केच प्रथिन मिळतं, हवं असतं २०. मग पिसं रखडतात, चिरतात, आणि पिल्लं एकमेकांची पिसं खायला लागतात. आठ आठवड्यांपर्यंत तयार चिक स्टार्टर (पिल्लांचं विकतचं खाद्य) सगळ्यात सोपं. घरी करायचं तर १० किलोला मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड २ किलो ७०० ग्रॅम, बिनमिठाचा सुका जवळा कुटून ३०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, पिल्लांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ३०० ग्रॅम. जवळा सोडू नका, पिसांना लागणारं मेथिओनिन (प्रथिनातला एक घटक) सोयाबीनमध्ये कमी असतं. खारवलेली मासळी चालत नाही, जास्त मिठानं पिल्लं मरतात. शेतातलं कच्चं सोयाबीन पचत नाही. बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंडही फेकूनच द्या. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार, त्यानं पिल्लांचे मूत्रपिंड बिघडतात.

जागाही तपासा. आठ आठवड्यांपर्यंत प्रत्येकी एक चौरस फूट, पुढे दोन. दाटी आणि रात्रभर पांढरा उजेड असला की टोचाटोची वाढते, म्हणून लाल बल्ब बरा.

उवा सापडल्याच तर औषध पशुवैद्याच्या मापानं, आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा, कारण लिखा पहिल्या फेरीत मरत नाहीत. आईलाही त्याच दिवशी लावा आणि तिची अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या. जनावरांच्या गोचिडांचं औषध अंदाजानं पिल्लांना लावू नका. रॉकेल अंगाला लावू नका, कातडी जळते. निपाणी-चिकोडीकडे तंबाखूचा चुरा सहज मिळतो, पण त्यातलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं, तो पिल्लांवर कधीही टाकू नका. लाल माइट असेल तर खुराडं रिकामं करून फटींत उकळतं पाणी ओता, वाळवा आणि आठवड्यानं पुन्हा तेच करा.

दवाखान्यात जाताना किडे पारदर्शक पिशवीत न्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर ‘कोळी लागलेत’ म्हणू नका, कन्नडमध्ये कोळी म्हणजे कोंबडीच. उवेला ‘हेनु’ म्हणा.