सोसायटीच्या पंपाचा हेड कसा काढायचा: फ्लुइड मेकॅनिक्सचा पाया एका गणितात

मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं आणि स्वतःच्या प्रेशरवर ते वरच्या मजल्यांपर्यंत चढत नाही. म्हणून बहुतेक सोसायट्यांमध्ये जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर एक टाकी आणि मधे पंप असतो. पंपाने पाण्याला दिलेली ऊर्जा पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये, मोजली की तिला हेड म्हणतात. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला जे शिकवतात त्यातलं बरंच काही इथे एकत्र सापडतं: कंटिन्युइटी (क्षेत्रफळ गुणिले वेग म्हणजे प्रवाह), बर्नुली (दाब, वेग आणि उंची यांच्या ऊर्जेचा हिशेब), रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा आकडा), पाइपातलं घर्षण, कॅव्हिटेशन (दाब फार कमी झाल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं). सुटी वीस गणितं सोडवण्यापेक्षा हे एक गणित शेवटपर्यंत न्या, विषय जास्त पक्का होईल.

तळमजला अधिक सहा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे २८ घरं धरू. घरटी पाच माणसं आणि माणशी रोज १३५ लिटर या प्रमाणाने १८,९०० लिटर लागतात. एवढं पाणी दीड तासात वर चढवायचं तर डिस्चार्ज, म्हणजे पाण्याचा प्रवाह, सेकंदाला ३.५ लिटर, म्हणजे ०.००३५ घनमीटर. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे, म्हणून एकक आत्ताच मीटर आणि सेकंदात आणून ठेवा. परीक्षेत निम्म्या चुका व्यास मिलिमीटरमध्ये राहून गेल्यामुळे होतात.

आता आकृती काढा आणि तिच्यावर दोन बिंदू ठळक मांडा. पहिला खालच्या टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागावर, दुसरा वरच्या टाकीत पाइपाचं तोंड उघडतं तिथे. दोन्हीकडे हवेचाच दाब आहे, त्यामुळे गेज प्रेशर, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा जास्त असलेला दाब, शून्य आणि दाबाची पदं निघून जातात. टाकीचा पृष्ठभाग मोठा असल्याने तिथला वेगही शून्य धरता येतो. बिंदू पंपाच्या आत-बाहेर घेतले तर नको ते अज्ञात आकडे गणितात शिरतात. बिंदू कुठे घ्यायचे हे कळलं की बर्नुलीचं समीकरण अर्धं सुटलंच. मात्र वर्गात शिकवलेलं मूळ समीकरण घर्षण नसलेल्या प्रवाहासाठी आहे, त्यात पंपाने दिलेला हेड आणि वाटेत गेलेला हेड आपण घालायचा असतो.

स्टॅटिक हेड, म्हणजे पाणी चढवायची नुसती उंची, मोजताना खालच्या टाकीतली सगळ्यात खालची पातळी धरा, पंपापासून मोजू नका. इथे ती जमिनीखाली २.५ मीटर आहे. सात मजल्यांचे २१ मीटर आणि गच्चीपासून पाइपाच्या तोंडापर्यंत ४.५ मीटर. एकूण २८ मीटर.

पाइप ५० मिमीचा जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी), मध्यम जाडीचा. त्याचा आतला व्यास सुमारे ५३ मिमी असतो आणि गणितात तोच घ्यायचा. क्षेत्रफळ ०.००२२ चौ. मीटर, म्हणून वेग सेकंदाला १.५९ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण), म्हणजे व्हेलॉसिटी हेड, ०.१३ मीटर. मुंबईच्या हवेत पाणी २७ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी ०.८५ गुणिले दहाचा उणे सहावा घात. रेनॉल्ड्स नंबर जवळपास ९९,००० येतो, म्हणजे प्रवाह पक्का टर्ब्युलंट, खळबळता. इथे लॅमिनारचं, म्हणजे शांत थरांतल्या प्रवाहाचं, सूत्र लावायचंच नाही.

आता घर्षण, आणि इथे जरा थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत डार्सीचं सूत्र ‘४ एफ एल व्ही वर्ग भागिले २ जी डी’ असं असतं (एफ घर्षणांक, एल लांबी, व्ही वेग, डी व्यास). त्यातला एफ हा फॅनिंगचा. मूडी चार्टवरून (रेनॉल्ड्स नंबर आणि खडबडीतपणा यांवरून एफ देणारा आलेख) सहसा डार्सीचा एफ मिळतो, तो फॅनिंगच्या चौपट असतो आणि त्याच्या सूत्रात तो ४ नसतो. चार्टवरचा एफ घेऊन ४ वालं सूत्र वापरलं तर घर्षण चौपट येतं आणि उत्तर पाहून संशयही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: लॅमिनार प्रवाहासाठी एफ ६४ भागिले रेनॉल्ड्स नंबर दिला असेल तर डार्सी, १६ भागिले असेल तर फॅनिंग. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा.

नव्या जीआय पाइपाचा खडबडीतपणा ०.१५ मिमी, व्यासाशी गुणोत्तर ०.००२८. डार्सीचा एफ ०.०२७ च्या थोडा वर येतो. सक्शन (टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप) ४ मीटर आणि डिलिव्हरी (पंपापासून वर जाणारा) ३६ मीटर, मिळून ४० मीटर लांबीत घर्षणात २.७ मीटर जातात. पाइप जुना आणि आतून गंजलेला असेल तर खडबडीतपणा वाढतो, शिवाय व्यासही कमी होतो.

फिटिंगचं नुकसान ‘मायनर’ म्हणतात म्हणून सोडू नका. प्रत्येक फिटिंगचा एक लॉस कोएफिशंट असतो: आटे असलेल्या सहा एल्बोंचे प्रत्येकी ०.९, फूट व्हॉल्व्ह (सक्शनच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह) २.५, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह २, पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह ०.२ आणि तोंडाशी बाहेर पडताना १. बेरीज ११.१, गुणिले व्हेलॉसिटी हेड, म्हणजे १.४ मीटर. एकूण हेड ३२ मीटर.

पैसे वाचवायला ४० मिमीचा पाइप घातला तर काय होतं ते करून बघाच. आतला व्यास ४२ मिमी, वेग २.५ च्या वर, घर्षण ८.९ मीटर आणि फिटिंगचे ३.६. एकूण हेड साडेचाळीस मीटर. डिस्चार्ज तोच ठेवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतं, आणि पाइपात वाचवलेले पैसे महिन्याच्या महिन्याला विजेच्या बिलात जातात.

पाण्याला द्यायची पॉवर १.१ किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर शाफ्टला २.२ किलोवॅट, म्हणजे बरोबर ३ एचपी. इतकं काठावर जाऊ नये. मुंबईच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, पंप बघायला गेलात तर नुसता एचपी विचारू नका, हेड-डिस्चार्जचा कर्व्ह (कोणत्या हेडला पंप किती पाणी देतो तो आलेख) मागा आणि ३२ मीटरला ३.५ लिटर देताना कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या वर आहे का ते बघा. नसेल तर मोटर पुढच्या रेटिंगची घ्या. उलट ‘असू दे जरा जास्त’ म्हणून ४५ मीटरचा पंप आणला तर तो कर्व्हवर उजवीकडे सरकतो, डिस्चार्ज वाढतो, मोटर जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड रिले पडून मोटर बंद होते.

सक्शनची बाजू वेगळी तपासा, इथे अॅब्सोल्यूट प्रेशर, म्हणजे हवेचा दाब धरून मोजलेला दाब, लागतं. हवेच्या दाबाचे १०.३ मीटर, त्यातून पाण्याच्या बाष्पदाबाचे ०.४, सक्शन लिफ्टचे ३ आणि सक्शन पाइपातल्या नुकसानीचे ०.७ वजा करा. उरले ६.२ मीटर. हा उपलब्ध एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी बाष्पदाबाच्या वर उरलेला हेड), आणि पंपाला लागणारा एनपीएसएच याच्यापेक्षा कमी असायला हवा, नाहीतर कॅव्हिटेशन होतं. हेच गणित पुण्यात केलं तर उंचीमुळे सुरुवातच अर्ध्या-पाऊण मीटरने कमी होते. प्रत्यक्षात सक्शन पाइप एक साइझ मोठा घालतात. त्यावरून पंपाच्या लहान तोंडावर येणारा जोड, म्हणजे रिड्यूसर, एक्सेंट्रिक (एका बाजूने सपाट) हवा, सपाट बाजू वर, नाहीतर वरच्या खोबणीत हवा साठून पंपाला पाणी ओढता येत नाही. फूट व्हॉल्व्ह गळत असेल तर रोज सकाळी प्रायमिंग, म्हणजे पंपात आधी पाणी भरणं, करावं लागतं.

शेवटी उत्तर जागेवर ताडून बघा. पंपाच्या डिलिव्हरीला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या आधी, गेज असेल तर चालू पंपावर सुमारे २.८ किलो प्रति चौ. सेंमी दिसायला हवं: पंपापासून वर २५ मीटर आणि डिलिव्हरीचं नुकसान. डिस्चार्जसाठी वरच्या टाकीचा आउटलेट बंद करून टेपने पातळी मोजा. ३ बाय ३ मीटरच्या टाकीत दहा मिनिटांत २१०० लिटर, म्हणजे २३ सेंमी चढायला हवेत. गेज जास्त आणि पाणी कमी असेल तर अडथळा वर आहे: अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा गंजलेला पाइप. दोन्ही कमी असतील तर पंपाकडे वळा: झिजलेला इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक), तुंबलेली जाळी किंवा सक्शनच्या जोडातून आत शिरणारी हवा. नव्या थ्री-फेज जोडणीत फिरण्याची दिशा उलटी नाही ना, हे त्याआधी बघा.