कमी कटकटीचं हत्यार कसं निवडावं

'फारशी देखभाल लागणार नाही असं एखादं पिस्तूल सांगा,' असं कुणी म्हटलं की मी आधी उलट विचारते, वर्षाला फैरी किती झाडणार? बावीस वर्षं मी सरावाच्या रेंजवरची हत्यारं दुरुस्त केली. माझ्या बाकावर वापरून झिजलेली कमी यायची, कपाटात पडून गंजलेली जास्त.

एका गृहस्थांनी रिव्हॉल्व्हर आणलं होतं, चामड्याच्या होल्स्टरसकट. अकरा वर्षं तसंच ठेवलेलं. होल्स्टर नव्यासारखं चकचकीत. आतलं रिव्हॉल्व्हर ओढून काढलं, तर चामडं जिथे चिकटून बसलं होतं त्या डाव्या अंगाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात शिल्लक राहतात आणि हवेतली ओल धरून ठेवतात. असे खड्डे पॉलिशने जात नाहीत.

म्हणून माझ्या लेखी पहिली निवड धातूची. ब्लूइंगचा, म्हणजे पोलादावर रसायनाने आणलेला निळसर काळा रंग दिसायला राजबिंडा, पण गंज अडवण्यात सगळ्यात कच्चा. त्याला तेलाचा हात सतत लागतो. स्टेनलेस पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं. तेही गंजतं, पण उशिरा, आणि वरवरचा डाग घासून काढता येतो. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६० हे स्टेनलेस रिव्हॉल्व्हर १९६५ साली आलं ते याच सोयीसाठी. पिस्तुलात नायट्रायडिंग (पोलादात नायट्रोजन मुरवण्याची प्रक्रिया) केलेली स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, आणि नळी बघा. तो वरून चढवलेला मुलामा नसतो, पोलादाचा पृष्ठभागच कडक केलेला असतो, त्यामुळे पोपडे निघत नाहीत.

आता नेहमीचा वाद, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल. 'रिव्हॉल्व्हरला काही होत नाही' हे अर्धंच खरं. महिनोन्‌महिने पडून राहणं त्याला चांगलं सोसतं. मॅगझीनची, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीची, भानगड नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. (सरावात मात्र फुसकं निघालं की नळी निशाणाच्या दिशेलाच धरून अर्धा मिनिट थांबा. काही काडतुसं उशिरा पेटतात.) पण त्याच्या पोटात घड्याळासारखं नाजूक काम असतं. टरफलं बाहेर ढकलणारी चांदणी असते ना, तिच्याखाली न जळलेल्या दारूचा एक कण अडकला तरी सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेलं फिरणारं नळकांडं, घासतं, कधी बंदच होत नाही. उपाय साधा आहे. टरफलं काढताना नळी वर धरा, म्हणजे कचरा खाली पडतो. नळी खाली धरून काढलीत तर तो थेट चांदणीखाली जातो.

रिव्हॉल्व्हर घ्यायचंच तर पॉइंट ३५७ मॅग्नमसाठी बनवलेलं घ्या आणि त्यात बहुतेक वेळ पॉइंट ३८ स्पेशल हे आखूड, कमी दाबाचं काडतूस झाडा. सांगाडा जास्त दाबासाठी घडवलेला असतो, त्यामुळे झीज जाणवत नाही. फक्त आखूड काडतुसामुळे चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या घरात, पुढे काजळीचं कडं जमतं आणि मग लांब काडतूस आत जाताना अडतं. तेवढं ब्रशने खरवडायचं. रूगरचं १९८५ पासूनचं जीपी १०० माझं आवडतं. दणकट आहे, आणि सुटं करायला जवळजवळ हत्यारं लागत नाहीत.

पिस्तुलात मी मुद्दाम कंटाळवाणं मॉडेल सुचवते. ग्लॉक १७ ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ साली स्वीकारलं. सुटे भाग साधारण ३४, सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे तो गंजण्याचा प्रश्नच नाही. देखणं म्हणाल तर नाही. पण नवा भाग आणला की कानस न लावता बसतो, आणि दुरुस्त करणाऱ्याला याहून मोठं सुख नसतं. दुर्मीळ, नक्षीदार, थोड्याच संख्येने निघालेलं हत्यार आणलंत तर पाच रुपयांच्या स्प्रिंगसाठी ते वर्षभर अडून बसेल. काडतूस ९ मिलिमीटर पॅराबेलमचंच ठेवा. धक्का आटोपशीर असतो आणि ते बहुतेक ठिकाणी मिळतं. अर्थात परवाना कोणत्या काडतुसाला मिळतो हे आधी बघा, मग मन बसवा.

पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष मॅगझीनचा असतो. वरचे ओठ वाकलेले, नाहीतर स्प्रिंग थकलेली. तीन मॅगझीन घ्या, बुडाला रंगाने १, २, ३ लिहा. अडकलं की आकडा टिपून ठेवा. सारखा दोनच येतोय असं दिसलं की दोनला निरोप द्या. भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते असं म्हणतात, पण तिला खरं थकवतं ते वारंवार भरणं-रिकामं करणं.

जुनं हत्यार घेताना आधी मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. समोरचा 'रिकामंच आहे' म्हणाला तरी. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून रिकामं बघा, मग मालकाला विचारून, सुरक्षित दिशेला धरून घोडा हळूहळू मागे घ्या. प्रत्येक घराला सिलिंडर खट्‌कन कुलपात बसलं पाहिजे, घोडा पूर्ण मागे जायच्या आत. मग सिलिंडर पुढे-मागे हलवा. डगमगत असेल तर सोडून द्या. पिस्तुलाच्या नळीत उजेडाकडे बघा, काळसर कड्याची सावली दिसली तर नळी आतून फुगलेली आहे. ग्लॉकची मुख्य स्प्रिंग तपासायला, रिकामं असल्याची खात्री करून नळी वर करा, चाप दाबून धरा, स्लाइड मागे ओढा आणि अगदी सावकाश पुढे सोडा. शेवटचं दोराभर अंतर राहून ती थांबली तर स्प्रिंग बदला. एरवी तीन ते पाच हजार फैरींना ती बदलतातच. रिव्हॉल्व्हरच्या पोटातलं काम मात्र सोनारानेच कान टोचावेत तसं जाणकाराकडून करून घ्या.

आणि तेल. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी शहाणपणा करून फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या बारीक सळईच्या) भोकात तेल सोडलं होतं, 'गुळगुळीत चालेल' म्हणून. तीन-चार महिन्यांनी तक्रार आली. चाप ओढला की टक्, बस. काडतूस काढून बघितलं तर बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर टाचणी टोचावी एवढाच ठिपका. पिन बाहेर काढली तर पितळेची भुकटी आणि तेल यांचा काळा लगदा. ती जागा कोरडी ठेवायची. तेल स्लाइडच्या रुळांवर, तेही थेंबभर.

जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं झाडली असतील तर नुसतं तेल उपयोगाचं नाही. काहींच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळून मागे मीठ उरतं, आणि मीठ तेलात विरघळत नाही. नळी गरम पाण्याने धुवायची, पुसून वाळवायची, मग तेल.

ठेवायला कुलपाची पेटी, आत सिलिका जेलची पुडी. हत्यार रिकामं, काडतुसं दुसऱ्या कुलपात. पेटीतला फोमही ओल धरतो, म्हणून त्यात रुतवून ठेवू नका. हाताळून झालं की तेलाच्या चिंधीने एकदा पुसायचं, कारण घामातही मीठच असतं. आमच्या रेंजवर एकाचे हात फार घामट होते. त्याने ब्लूइंगचं पिस्तूल संध्याकाळी न पुसता ठेवलं आणि सकाळी स्लाइडवर त्याच्या अंगठ्याचा ठसा तांबूस उमटलेला, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. त्याला मी स्टेनलेसच घ्यायला लावलं.