निशिगंधाचे अत्तर घरी कसे उतरवावे

मादक गंधाचे फूल म्हटले की काहींना धोत्रा आठवतो. परंतु त्याचे सर्व भाग विषारी असल्याने घरगुती प्रयोगात तो वापरू नये. आपल्याला हवी असलेली मादकता निशिगंधात, म्हणजेच बाजारातल्या गुलछडीत, भरपूर आहे. मूळचे मेक्सिकोचे हे फूल आपल्या हारांत आणि वेण्यांत इतके रुळले आहे की त्याचा गंध किती गुंतागुंतीचा आहे, हे सहसा लक्षात येत नाही. वरवर तो गोड आणि लोण्यासारखा स्निग्ध वाटतो. पण त्याखाली इंडोल या द्रव्याचा किंचित कुजट, उष्ण दर्प असतो आणि ताज्या फुलात मिथाइल सॅलिसिलेटमुळे सांधेदुखीच्या मलमाची आठवण करून देणारी थंड छटाही असते. या दोन्ही छटा अत्तरात टिकवाव्यात, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांच्यावाचून उरतो तो केवळ गोडवा.

निशिगंध खुडल्यावरही बराच काळ गंध निर्माण करत राहतो आणि भट्टीच्या उष्णतेने तो गंध बिघडतो. म्हणून फ्रान्समधील ग्रास या गावी हे फूल ऊर्ध्वपातनाऐवजी थंड स्निग्ध पदार्थावर पसरून त्याचा गंध टिपत असत. तीच रीत घरी करता येते.

फूल एकेरी पाकळ्यांचे घ्यावे, कारण दुहेरी फूल दिसायला भरगच्च असले तरी गंधाला उणे असते. बाजारात सकाळी मिळणाऱ्या बंद कळ्या संध्याकाळी उमलतात, तेव्हा त्या सावलीत कापडावर पसरून ठेवाव्यात. विक्रेते फुलांवर पाणी शिंपडतात. तो ओलावा पूर्ण जाऊ द्यावा आणि फुले धुऊ नयेत, कारण पाण्याचा अंश राहिला तर खालच्या थराला बुरशी धरते.

स्निग्ध पदार्थ गंधहीन हवा. रिफाइन्ड खोबरेल तेल सुमारे 24 अंश सेल्सियसला वितळत असल्याने एकट्याने ते फक्त थंडीत चालते; एरवी त्यात रिफाइन्ड शिया बटर (शिया या आफ्रिकी झाडाच्या बियांतला घट्ट स्निग्ध पदार्थ) मिसळावे. काचेच्या उथळ ताटात त्याचा अर्धा सेंटीमीटर थर गोठवून सुरीने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, म्हणजे पृष्ठभाग वाढतो. त्यावर उमललेली फुले, हिरवे देठ काढून, पालथी मांडावीत आणि ताट झाकून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. एक-दोन दिवसांनी, फुले तपकिरी होण्यापूर्वी, ती चिमट्याने एकेक करून उचलावीत व त्याच थरावर नवी मांडावीत. किती वेळा, हे नाकाने ठरवावे. मात्र दहा वेळांच्या आत थांबल्यास गंध फिका राहतो. इथे घाई करणारा बहुधा निराश होतो.

गंधाने भरलेला हा थर घट्ट अत्तर म्हणून तसाच मनगटाला लावता येतो, आणि घरासाठी मला तोच प्रकार सर्वांत आवडतो. द्रवरूप अत्तर हवे असेल, तर थराच्या वजनाइतके सुगंधी द्रव्यांसाठीचे अल्कोहोल घालून बरणी दोन आठवडे रोज हलवावी, नंतर ती फ्रीझरमध्ये ठेवून गोठलेला स्निग्धांश गाळून टाकावा. अल्कोहोलची खरेदी उत्पादन शुल्काच्या नियमांत बसते ना, हे आधी पाहावे, आणि हे काम ज्योतीपासून दूर करावे.

या अर्काभोवती रचना करताना हात आखडता ठेवावा. 1948 मध्ये सुगंधकार जर्मेन सेलिए यांनी रचलेल्या ‘फ्राका’ या अत्तराने निशिगंधाचा लोण्यासारखा भरगच्चपणा पुढे आणला, तर सुगंधकार डॉमिनिक रोपियों यांच्या 2005 मधील ‘कार्नल फ्लॉवर’ या अत्तराने निलगिरीच्या साथीने त्याची हिरवी, थंड बाजू उजळली. घरी 10 मिलिलिटर अर्कात चंदनाच्या तेलाचे दोन-तीन थेंब आणि निलगिरीचा जेमतेम एक थेंब पुरे. मिश्रण गडद बाटलीत महिनाभर मुरू द्यावे, आणि अंगभर लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस वाट पाहावी.