आमदाराकडून दवाखान्याचा प्रश्न अधिवेशनात विचारून घ्यायचा तर

"दवाखान्यात औषध नाही जी," एवढं सांगून काही होत नाही. मी तीन वर्षं तेच केलं. आधी कागद. पोळा झाला की माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका (दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही). आरोग्य केंद्राच्या साठा नोंदवहीची प्रत मागा; सर्पदंशावरच्या इंजेक्शनचं पान मुद्दाम, तेही पेरणीच्या महिन्यांचं. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन बहुतेक डिसेंबरात, अन् तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना खूप आधी द्यावी लागते. उशीर झालाच तर लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) सुचवा. कागद आमदाराच्या पीएच्या हाती द्या. लग्नाच्या मांडवात दिलेला माझा अर्ज साहेबांच्या खिशातच धुतला गेला! मजकूर चार ओळींचा: गाव, तारीख, किती कुपी शिल्लक होत्या.