धुरी दिलेली मासळी साठवायची तर आधी फ्रीज रिकामा करा

फ्रीजरची सफाई मासे आणायच्या आदल्या दिवशी काढायची. तयारीची सुरुवात इथून, शेगडीपासून नाही. आपल्याकडे बहुतेक उलटं होतं. चोर्ला घाटातून आलेला ताजा बांगडा बेळगावच्या बाजारात स्वस्त दिसला की बुट्टीभर घ्यायचा, परसात धुरी द्यायची आणि संध्याकाळी भरलेली परात समोर ठेवून ‘आता हे ठेवायचं कुठं?’ म्हणत घरभर बघायचं. मग काही मासे वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात जातात, काही सुकटीच्या डब्यात. घात तिथेच होतो.

धुरी दिलेला मासा म्हणजे सुकट नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. सुका बोंबील किंवा खारा बांगडा टिकतो तो अंगातलं पाणी गेल्यामुळे आणि मिठामुळे. घरी दोन-तीन तास धुरी दिलेला बांगडा आतून मऊ आणि ओलसर असतो, म्हणून तर तो चवीला लागतो. धूर रंग देतो, वास देतो, वरच्या पापुद्र्यावर जंतूंना थोडाफार अटकाव करतो. राखण करत नाही. लक्षद्वीपची मासमीन, म्हणजे तिथला सुका कुपा (ट्यूना), फ्रीजशिवाय टिकते हे खरं, पण तिथे कुपा आधी उकडतात, मग धुरी देतात आणि शेवटी खडखडीत होईस्तोवर वाळवतात. आपला मासा तेवढा वाळवलेला नसतो. त्याला कालच्या कालवणासारखंच वागवायचं: थंड ठेवायचं आणि लवकर संपवायचं.

किती घ्यायचे हे वारांवरून ठरवा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी कुणी देवीचा वार पाळतं, मध्येच संकष्टी येते. म्हणजे आठवड्यात मासे खायचे दिवस तीन, कधी दोनच. फ्रीजमध्ये तेवढ्यापुरतंच ठेवायचं, बाकी सगळं त्याच दिवशी फ्रीजरमध्ये. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मे महिन्यात बेगमीची घाई होते. सुकटीची बेगमी जरूर करा. धुरीच्या माशाची मात्र फ्रीजरच्या मापानेच करा, हौसेच्या मापाने नको. बंदीच्या दिवसांत हिडकल धरणाचा किंवा कृष्णेचा रोहू, कटला मिळतो आणि धुरीला तो चांगला लागतो. पण गोड्या पाण्याचा म्हणून साठवणीत त्याला सवलत नाही.

दोन थर्मामीटर हवेत. एक फ्रीजमध्ये कायमचा, दुसरा टोचून आतलं तापमान दाखवणारा. फ्रीज ४ अंशांच्या खाली आणि फ्रीजर उणे १८ ला असायला हवा. फ्रीजच्या चकतीवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. टोचायचा थर्मामीटर बरोबर आहे का, हे बघायला तो उकळत्या पाण्यात बुडवलात तर बेळगावात तो १०० दाखवणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यापेक्षा ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळा आणि टोक त्यात बुडवा. शून्य दाखवलं की झालं.

एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा म्हणजे फ्रीजर असं धरून चालू नका. त्यात आइस्क्रीम टणक राहत नसेल तर तिथे मासळीची महिन्यांची साठवण करायची नाही.

बाजारात जाताना थर्माकोलचा डबा घेऊन जा आणि जेवढा मासा तेवढा बर्फ भरा. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या बाबतीत मी याबद्दल फार आग्रही आहे. हे मासे काही तास उबेत राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, आणि एकदा झालं की ते शिजवून, धुरी देऊन किंवा गोठवून जात नाही. मासा दिसायला चांगला, वासही ठीक, आणि खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. पुष्कळ लोक याला ‘मासा बाधला’ म्हणून सोडून देतात. तेव्हा मासळीवाल्या मावशींना भावाआधी एवढंच विचारायचं, ‘मावशी, बर्फात कधीपासनं हाय?’ उत्तर गुळमुळीत आलं तर त्या दिवशी कालवणापुरताही घेऊ नका. घरी आल्यावर कल्ले आणि आतडी लगेच काढा, पोटातलं काळं स्वच्छ धुवा, आणि लगेच धुरी देणार नसाल तर पुन्हा बर्फात.

मिठाच्या पाण्याचं माप सोपं आहे: एक वाटी मीठ, सात वाट्या पाणी, दोन्हींना वाटी तीच. बोटभर जाड तुकडे त्यात तासभर, पातेलं फ्रीजमध्ये ठेवून. ते पाणी दुसऱ्या खेपेला वापरायचं नाही. मग तुकडे धुऊन जाळीवर पंख्याखाली, वरचा भाग किंचित चिकट लागेपर्यंत. खानापूरकडच्या धो-धो पावसात हे नीट वाळत नाही, म्हणून जुलैत हा उद्योग मांडूच नये असं माझं मत आहे.

सरपणाची निवड आधी करून ठेवा. बाभूळ, आंबा, पेरू यांची वाळलेली लाकडं चालतात, नारळाच्या सोडणाचा धूरही चांगला. सुताराकडचे पॉलिश लागलेले तुकडे, प्लायवूड, रंगवलेल्या खिडक्यांची लाकडं नकोत. काजूची टरफलं चंदगड-खानापूरच्या पट्ट्यात भरपूर मिळतात, पण त्यांत कातडी भाजणारं तेल असतं, ती अजिबात नकोत. कण्हेर विषारी आहे, तिची काटकीसुद्धा सरपणात येता कामा नये. जाळी स्टीलची घ्या, जस्ताचा मुलामा दिलेली नको.

आता उष्णता. सर्वांत जाड तुकड्याच्या मधोमध थर्मामीटर टोचून ६३ अंश दिसायला हवेत आणि तिथून पुढे सलग अर्धा तास ते खाली उतरता कामा नयेत. मी ७० धरून चालते, कारण परसातल्या डब्यात आच एकसारखी राहत नाही. नुसत्या गार धुरात मासा टांगून ठेवायची परदेशी पद्धत व्हिडिओत छान दिसते, पण तीत मासा कच्चाच राहतो आणि जंतू जिवंत. ते कारखान्याच्या देखरेखीतलं काम आहे, घरी करू नका.

धुरीतून काढल्यावरचे सहा तास सगळ्यांत महत्त्वाचे. पहिल्या २ तासांत मासा २१ अंशांवर आणि पुढच्या ४ तासांत ४ अंशांवर यायला हवा. मे महिन्यात दुपारी इथे हवाच ३५ च्या घरात असते. उघड्यावर ठेवून तो २१ वर यायचाच नाही. म्हणून सफाईच्या वेळी फ्रीजचा एक अख्खा कप्पा मोकळा ठेवायचा. स्टीलच्या ताटांत एकेरी थर लावा, पंख्याखाली वाफ जिरू द्या आणि मग ताटं झाकण न लावता त्या मोकळ्या कप्प्यात. खालच्या कप्प्यात कच्चं मटण किंवा मासे असले तर चालतील, वर असता कामा नयेत; त्यांचं पाणी ठिबकलं तर केलेली मेहनत वाया. गरम असताना पिशवीत भरला तर आत घाम धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

पूर्ण गार झाल्यावर एका जेवणाला लागतील तेवढेच तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळा. फ्रीजमध्ये ठेवायचे ते झाकणाच्या डब्यात. फ्रीजरचे पिशवीत, हवा दाबून काढून. प्रत्येक पुडक्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि माशाचं नाव लिहा. फ्रीजमधला मासा आठवड्यात संपवायचा. काही मार्गदर्शनांत १४ दिवस दिलेले असतात, पण दिवसभर दार उघडझाक होणाऱ्या घरात मी आठवड्याच्या पुढे जात नाही. फ्रीजरमधला दोन-तीन महिन्यांत, कारण पुढे तेलकट मासा खवट होतो.

हवाबंद पाकिटं करायचं यंत्र हल्ली बऱ्याच घरांत आलं आहे. देवाच्या दुधाशेजारी माशाचा वास नको म्हणून ते वापरायचा मोह होतो, तो मला समजतो. तरीही सांगते, फ्रीजमध्ये ठेवायच्या माशाला ते वापरू नका. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात, त्यांचे बीजाणू धुरीच्या उष्णतेत मरत नाहीत, आणि माशांत आढळणारा त्यांचा एक प्रकार साधारण ३ अंशांपासूनच वाढू शकतो. वास येत नाही, रंग बदलत नाही. १९६३ साली अमेरिकेत धुरी दिलेल्या व्हाइटफिशच्या हवाबंद पाकिटांतून असंच विष पोटात गेलं आणि माणसं दगावली. यंत्र वापरायचंच तर फक्त फ्रीजरमध्ये ठेवायच्या पुड्यांना, आणि वितळवताना पाकीट आधी कापून, फ्रीजमध्येच. वासासाठी बटर पेपर आणि घट्ट झाकणाचा डबा पुरतो. डब्यात हवा असते.

तेलाचंही तेच. धुरी दिलेले तुकडे बरणीत घालून वर तेल ओतलं की लोणच्यासारखे टिकतील असं वाटतं, पण नुसतं तेल माशाला टिकवत नाही, हवा तेवढी तोडतं. कैरीचं लोणचं आंबटपणावर आणि मिठावर टिकतं. अशी बरणी फडताळात ठेवायची नाही.

पावसात लाईट जाते आणि इन्व्हर्टरवर फ्रीज सहसा नसतो. दार न उघडता फ्रीज सुमारे ४ तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून द्या. गावाहून परतल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. तो मासा टाकून द्यायचा. बुरशीचा ठिपका दिसला तरी अख्खं पुडकं टाका, खरवडून खाऊ नका.

लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल, घरात वयस्कर माणसं असतील किंवा कुणाला मोठं आजारपण असेल, तर फ्रीजमधला धुरीचा मासा त्यांना थंड वाढायचा नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. आत ७४ अंश होईपर्यंत, वाफाळता गरम करून वाढा. पुण्याला रात्रीच्या बसने डबा पाठवायचा असेल तर दगडासारखा गोठलेला मासा, बर्फाची पाकिटं आणि थर्माकोलचा डबा; हे जमणार नसेल तर सुका बोंबील पाठवा.

मासा खाल्ल्यावर काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांतही कुणाला एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली, घास गिळता येईना, तर तो बॉट्युलिझम असू शकतो, लिंबूपाणी देत थांबू नका. १०८ ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात न्या, काय खाल्लं आणि कधी ते सांगा, उरलेला मासा पुडक्यासकट सोबत न्या.